हातचे एकोणीस दिवस

"मॅडम, बाजूला व्हा—"

एवढंच ऐकू आलं. पुढचं पाण्यात गेलं.

पायाजवळच्या व्हॉल्व्हमधून आधी नुसती हवा फुसफुसली, आणि मग गढूळ पाण्याचा असा फवारा उडाला की जानेवारीतल्या त्या कोरड्या माळावर, करडईच्या पिवळ्या फुलांशेजारी, मी एकटीच चिंब उभी! वेणीतून पाणी, बुटांतून पाणी, छातीशी धरलेल्या वहीतून पाणी.

खड्ड्यातून एक डोकं वर आलं. कुरळे केस, कानामागं खोचलेली पेन्सिल, आणि डोळे असे, की हसू दाबताना आणखीच हसत होते.

"इथला जबाबदार माणूस कोण?" मी दात आवळून विचारलं.

"भिजवायला जबाबदार मीच हाय. हरिओम. बाकीच्या कामाला बी मीच." त्यानं हात पुढं केला. तो चिखलानं भरलाय हे पाहून मागं घेतला, पँटला पुसला, आणि मग पुन्हा पुढं करावा की नाही या विचारात तसाच हवेत ठेवला.

मी मनात नोंद केली — हा माणूस निर्णयाला तीन सेकंद घेतो. माणसं अशी मोजायची मला खोडच आहे. कोण वेळेवर येतो, कोण 'आलोच' म्हणून अर्धा तास लावतो, कोण खोटं बोलताना नाक खाजवतो... माझं पोटच त्यावर चालतं. मी पंचशीला. हुमनाबादच्या एका कंत्राटदार कंपनीत कामांचं वेळापत्रक बनवते. कुठलं काम कुणी, कधी आणि कशानंतर करायचं ते ठरवायचं, आणि ते तसं होईपर्यंत सगळ्यांच्या मानगुटीवर बसायचं.

हे काम होतं नागझरवाडीचं. खटकचिंचोळीच्या पुढं सात किलोमीटर. दोनशे चौदा घरं, एक खडखडणारा हातपंप आणि गावाबाहेर पायऱ्यांची एक खोल विहीर. तिथं उंच टाकी बांधून घरोघर नळ द्यायचे होते. काम रखडलेलं. आमचे मोठे इंजिनीअर अंकुशराव साहेब यांनी मला पाठवताना एकच वाक्य सांगितलं होतं, "अठ्ठावीस फेब्रुवारीला नळाला पाणी. न्हाई आलं तर तू बी घरी, मी बी घरी."

माझी वही हरिओमनं पान पान सुटं करून काळ्या पाइपवर पसरली आणि प्रत्येकावर एकेक खडा ठेवला. पानं वाळत होती तोवर तो वाचत होता. कुणाची वही न विचारता वाचू नये हे त्याला कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं.

"चार रकाने. काम, कोण, कधीपर्यंत... अन् ह्यो चौथा? 'काय बिघडू शकतं'?" तो मोठ्यानं वाचायला लागला. "पंप जळू शकतो. लाईट जाऊ शकते. मिस्त्री लग्नाला जाऊ शकतो. मी आजारी पडू शकते. मी आजारी पडले हे कुणाला कळणारच नाही असं होऊ शकतं..." तो थांबला. "मॅडम, तुमी कामाला आलात का घाबरायला?"

"मी घाबरते म्हणून कामं होतात."

"पण एक राहिलंच की." कानामागची पेन्सिल काढून त्यानं ओल्या कागदावर सावकाश लिहिलं — मॅडम भिजू शकतात.

रागवायला हवं होतं. मला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून मी घाबरले. हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

*

माझ्या भीतीला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आळंदच्या बाजूला एका बांधकामावर सिमेंट आलं, माणसं आली, आणि पाण्याचा टँकर सांगायचा राहिला. माझ्याकडून. अर्धा ओतलेला स्लॅब दुसऱ्या दिवशी फोडावा लागला. ते घणाचे घाव मला अजून झोपेत ऐकू यायचे. तेव्हापासून पावणेपाचला उठायचं, अंथरुणातच दिवसभराची यादी करायची, आणि यादीतलं काय काय फसेल याची दुसरी यादी. रविवारीही. रविवारी तर जास्तच, कारण रविवारी फोन वाजत नाही, आणि न वाजणाऱ्या फोनची मला अधिक भीती वाटते.

हरिओमचं उलटं. एक वाजला की हातातलं काम आहे तिथं ठेवून तो हात धुवायचा. मोबाईल बंद. टाकीजवळच्या कडुलिंबाखाली मांडी घालून बसायचा, आणि दीड वाजेपर्यंत साक्षात अंकुशराव साहेब आले तरी उठायचा नाही. मी मात्र उन्हात उभी, एका हातात बिस्किटाचा पुडा, दुसऱ्या हातात फोन, आणि पाइपवाल्याशी भांडण.

"मॅडम, बसा की. पाइप दीड वाजता बी तेवढाच लांब राहील."

"तुम्हाला कशाची काळजीच नसते का हो?"

"असते की. पण मी तिला दीडनंतर यायला सांगितलंय."

मी तीन आठवडे लपून हिशोब ठेवला, तो याचाच. दुपारनंतर त्यानं जोडलेल्या एकाही पाइपातून पाणी गळालं नाही. आणि दुपारनंतर मी केलेल्या फोनांपैकी निम्मे मला दुसऱ्यांदा करावे लागले, कारण पहिल्या वेळी मी काहीतरी विसरलेले असायचे. आकडा माझ्या विरुद्ध गेला, तेव्हा गुपचूप जाऊन लिंबाखाली बसले.

त्यानं डबा उघडला. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, तुरीच्या डाळीचं घट्ट वरण. भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं केली.

"घ्या. आमच्या आईच्या हातची हाय... चालंल न्हवं?"

मी त्याच्याकडं बघितलं. "हे मी विचारायचं असतं, हरिओम. का तुम्ही?"

माझं नाव पंचशीला, त्याचं हरिओम. आमच्या भागात एवढ्यावरनं माणसं पुढचं सगळं समजून घेतात. त्यालाही समजलं. कान लाल झाले. या वेळी मात्र त्यानं तीन सेकंद घेतले नाहीत. माझा बिस्किटाचा पुडा उचलला, दोन बिस्किटं एकदम तोंडात टाकली आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "आता झाली बरोबरी. जेवा."

शेवटचा तुकडा मी मुद्दाम सावकाश खाल्ला. चव चांगली होती म्हणूनच.

समोरच्या वाटेनं कमलबाई चालल्या होत्या. त्यांचं घर टाकीला सगळ्यात जवळचं, वय पंचावन्नच्या पुढं, लेक-सून पुण्याला. डोक्यावर घागर, काखेत कळशी, आणि तोंड मोकळं. "अक्का, ह्या पोराला कामाला लावायलीस का जेवायला? पाणी कवा देतीस?"

"अठ्ठावीसला, कमलबाई!"

"बघ हं. माझे गुडघे तुझ्या वहीकडं डोळे लावून बसल्यात."

त्या दिवसापासून एक ते दीड माझाही झाला. तो रोज मला विचारायचा, "लिवा मॅडम, आज काय बिघडू शकतं?" आणि स्वतःच सांगायचा.

"मॅडमच्या डब्यातलं लोणचं संपू शकतं."

"दुसरं?"

"मॅडमला हसायची सवय लागू शकते."

एकदा त्यानं काहीच सांगितलं नाही. लिंबाची सावली त्याच्या गुडघ्यावरून माझ्या पायापर्यंत सरकली तरी गप्प.

"आज काहीच नाही?" मी विचारलं.

"हाय की... पण लिवण्यासारखं न्हाई. तुमची वही अंकुशराव साहेब बी बघतात."

मी पेन बंद केलं. पुन्हा उघडलं. वाडीत दोनशे चौदा घरं म्हणजे निदान चारशे डोळे, आणि त्यातले कितीतरी खटकचिंचोळीच्या बाजाराला जाणारे, जिथं याचं घर होतं, याचे अप्पा होते, तालमीतले भाऊबंद होते. एक शब्द बोलायचा म्हटलं तरी तो कुठकुठं पोचेल, याची यादी माझ्या डोक्यात तयार व्हायची. यादी लांबायची, आणि शब्द तिथंच राहायचा.

*

सतरा फेब्रुवारीला अंकुशराव साहेबांचा आम्हा दोघांनाही मेल आला. नागझरवाडीचं काम संपलं की हरिओमला लगेच दूर बल्लारीकडच्या कामावर पाठवायचं. मुदत अकरा महिने.

मी तो चार वेळा वाचला. काम वेळेवर संपावं म्हणून मी दोन वर्षं झोप घालवली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला काम संपायची भीती वाटली.

आमच्या धंद्यात प्रत्येक जण थोडे दिवस हातचे ठेवतो. काम पाच दिवसांचं असलं तर सात लिहायचे, म्हणजे काही बिघडलं तर तोंडघशी पडायला होत नाही. यात लबाडी नाही. लबाडी पुढं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहिलं, 'सर्व जोड पुन्हा तपासणे — तीन दिवस'. ते तपासून झाले होते. दोन दिवसांनी लिहिलं, 'केबल बदलण्याचा विचार — चार दिवस'. केबल नवीकोरी होती. मग 'टाकी धुणे — चार दिवस'. टाकी एका दिवसात धुतली गेली होती, पाण्याची तपासणीही पास झाली होती. असे अकरा. अंकुशराव साहेबांनी एकदाही विचारलं नाही, उलट वरून मुदत वाढवून घेतली. ज्या पोरीनं दोन वर्षांत एक तास चुकवला नाही, तिनं लिहिलंय म्हणजे कारण असणार. माझी सगळी इमानदारी मी अशी वापरून टाकली.

"टाकी धुवायला चार दिवस?" हरिओमनं तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. "टाकी हाय का तळं?"

"नीट धुवायची असते," मी नाक खाजवत म्हणाले.

तो हसला नाही. मात्र ते चार दिवस संपले तसं त्याच्या रोजच्या रिपोर्टात एक ओळ यायला लागली — मुख्य व्हॉल्व्ह अडकतोय. आज बी अडकतोय. दुरुस्ती चालू. असे आठ दिवस.

आता मी माणसं मोजणारी बाई. ज्यानं जोडलेलं कधी गळलं नाही, त्याचाच व्हॉल्व्ह रोज अडकतो? सोळा मार्चला तो सामान आणायला भालकीला गेल्यावर मी एकटीच चावी घेऊन खड्ड्यात उतरले. चावी बसवली, फिरवली. लोण्यातून बोट फिरावं तसा व्हॉल्व्ह फिरला.

मी खड्ड्यातच खाली बसले. काळजात काहीतरी उजळलं. म्हणजे त्यालाही! म्हणजे मी एकटी नाही! आणि म्हणजे आता दोघांनी मिळून गावाचं पाणी अडवलंय.

तरीही मी बोलले नाही. त्याला माझं माहीत होतं, मला त्याचं. आणि रोज सकाळी आम्ही एकमेकांना शहाण्यासारखं विचारत होतो, "किती राहिलं काम?" "थोडं हाय अजून."

वाटेवरून घागरी जात होत्या. ऊन चढत होतं. हातपंप दोन तास हलवला की एक बादली. विहिरीचं पाणी रोज एकेक पायरी खाली जात होतं. कमलबाईंनी 'कवा' विचारायचं सोडलं होतं. त्या नुसत्या बघून पुढं जायच्या, आणि मला त्या विचारण्यापेक्षा या न विचारण्याची जास्त भीती वाटायची.

*

एकोणीस मार्चला सकाळी आठ वाजता मी आणखी पाच दिवस लिहायला बसले होते. पेन कागदावर टेकलेलं. आणि वाटेवरून आरडाओरडा आला.

कमलबाई विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या होत्या. सहा पायऱ्या खाली. घागर पाण्यात, त्या कठड्याला अडकून. दोन पायऱ्या आणखी गेल्या असत्या तर... मी ते वाक्य आजही पुरं करत नाही.

हरिओमनं त्यांना उचलून जीपमध्ये घातलं. भालकीच्या दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. त्या ओरडल्या नाहीत. हात भलत्याच ठिकाणी वाकला होता. एका खड्ड्याला जीप उसळली तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "अक्का, तुझ्या वहीत आता कवा लिवलंय पाणी?"

गाडी चालवणाऱ्या हरिओमची मान मला मागून दिसत होती. ती ताठ झाली.

प्लास्टर घालून परत आलो तेव्हा बारा वाजले होते. मी सरळ पंपाच्या खोलीत गेले आणि पंपावरच्या मल्लप्पाला म्हणाले, "चालू करा. टाकी भरा."

"व्हॉल्व्ह अडकायलाय न्हवं?" मल्लप्पा म्हणाला.

"न्हाई अडकत," मागून हरिओम म्हणाला. "कवाच न्हवता अडकत."

आणि तो टाकीवर चढायला लागला. पाण्याची पातळी वरूनच बघावी लागते. मला उंचीची भीती. शिडीला बावन्न पायऱ्या. मी त्या एकेक मोजत चढले. मोजल्या नसत्या तर चढले नसते.

वर गोल गच्ची, कमरेएवढा कठडा, आणि पायाखाली टाकीच्या पोटात पाणी पडल्याचा घुमणारा आवाज. वारा ओढणी ओढत होता. मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"खाली बघू नका," तो म्हणाला.

"खालीच बघायला आलेय."

वरून सगळं दिसत होतं. गावापासून विहिरीपर्यंतची वाट... बायकांच्या पायांनी झिजून पांढरी पडलेली, एखाद्या ओरखड्यासारखी. आत्ताही त्या वाटेवर चार घागरी होत्या.

"अकरा माझे," मी म्हणाले.

"आठ माझे."

"माहीत होतं मला."

"मला बी. टाकी धुवायला चार दिवस कोण लावतंय?"

कुणालाच हसू आलं नाही. पाणी पडत होतं.

"कामून केलंस?" मी विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलं नाही.

या वेळी तीन सेकंदांपेक्षा खूप जास्त गेले. "काम संपलं की मी बल्लारीला जाईन, अन् तू... दुसऱ्या गावाला बसशील, दुसऱ्या कुठल्यातरी झाडाखाली. अन् दुसरंच कुणीतरी तुला सांगायला लागंल काय बिघडू शकतं ते." तो कठड्याकडं बघत होता. "मला वाटलं, आणखी चार दिवस मिळाले तर मी बोलंन. मग आणखी चार."

"आणि मला वाटलं, तू बोलशील."

"मला वाटलं, तू. तुझ्याकडं सगळ्याची तारीख असती."

"याची नव्हती." मी म्हणाले. "आपण दोघं एकमेकाच्या धिटाईची वाट बघत बसलो, हरिओम. आणि ती बाई विहीर उतरत राहिली."

त्यानं तोंड फिरवलं. खांदे हलत होते. मी कठड्यावरचा एक हात सोडला, फक्त एकच, आणि त्याच्या बाहीला धरलं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. मी एकोणीस दिवस लावले. तेही दुसऱ्यांचे."

"मला तर..." तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "खड्ड्यातनं डोकं वर काढलं तवाच. पण तुझं नाव ऐकलं, अप्पांचा चेहरा आठवला, अन् भ्यालो. रोज भ्यायचो. दीडनंतर ये म्हणायचो त्या भीतीला, ती साडेबाराला येऊन बसायची."

"तू? मला वाटलं तू कशालाच भीत नाहीस!"

"तू लिवतीस. मी लिवत न्हाई. एवढाच फरक."

*

चार वाजता त्यानं मुख्य व्हॉल्व्ह उघडला. गल्लीतून मल्लप्पाची आरोळी आली, "नीरु बंतूऽऽ!" आणि मग तीच 'पाणी आलं'ची आरोळी मराठीत, दखनीत, घराघरातून. नळांतून आधी हवा, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. भांड्यांचा असा आवाज उठला की जणू गावात एकाच वेळी पन्नास लग्नं लागली होती.

आम्ही कमलबाईंच्या अंगणात उभे होतो. गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून त्या ओट्यावर बसल्या होत्या, नळाखालच्या घागरीकडं बघत. चेहऱ्यावर असं हसू, की ते टिकू द्यावं आणि गुपचूप निघून जावं असं वाटलं.

"कमलबाई, हे पाणी आजच तयार झालेलं नाही," मी म्हणाले. "अठ्ठावीस फेब्रुवारीलाच तयार होतं."

हसू थांबलं. "म्हंजी?"

"आम्ही थांबवलं. मी अन् ह्यानं."

"कामून?"

कमलबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, मग आमच्या दोघांत राहिलेल्या हातभर अंतराकडं.

"अगं बया... ह्यापायी?" त्या उठल्या. "लाज न्हाई वाटली? मी रोज चार खेपा करायले. पोटुशी पोरी उतरायल्यात त्या पायऱ्या. अन् तुमी लिंबाखाली बसून... माझी घसरगुंडी झाली म्हणून सांगायलाव आज. न्हाईतर?"

"न्हाईतर आज सकाळी मी आणखी पाच दिवस लिहिणार होते," मी म्हणाले. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं.

घागर भरून वाहायला लागली.

"नळ बंद कर आधी," कमलबाई त्याच्यावर खेकसल्या. "पाणी वाया जायलंय."

त्यानं नळ बंद केला. कमलबाई प्लास्टरचा हात सावरत पुन्हा ओट्यावर बसल्या.

"दीड महिना हात गळ्यात राहणार," शेवटी त्या म्हणाल्या. "रोजचं गल्ली बघंल. पण दर आयतवारी तुमी यायचं. दोघांनी. रांजण घासायचे, हौद भरायचा, म्हशीला पाणी दावायचं. बल्लारीला जा न्हाईतर दिल्लीला, आयतवारी इथं. अन् दिवसाढवळ्या, गावादेखत."

"गावादेखत?" मी विचारलं.

"मग! पाणी थांबवलंत ते सगळ्या गावाचं. आता लपायचं कुणापासनं?"

अंकुशराव साहेबांना मी तिथूनच फोन केला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "दोघांनी लेखी द्या. हरिओमला उद्या बल्लारीला निघायचंय, आणि उद्यापासनं वेळापत्रक मला दाखवल्याशिवाय तुम्ही कुणाला पाठवायचं नाही. तुमची नोकरी राहते का नाही ते मी विचारून सांगतो." ते कधी मला 'तुम्ही' म्हणाले नव्हते. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता गावादेखत म्हणजे संध्याकाळपर्यंत बातमी हुमनाबादला माझ्या घरी. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मी घरी फोन लावला. बाबांनीच उचलला. माझे बाबा, गुंडेराव, फोनवर दहा शब्दांच्या वर बोलत नाहीत. मी भरभर सांगत गेले, मध्ये श्वास न घेता.

"नाव काय म्हणालीस?"

"हरिओम. खटकचिंचोळीचा."

मागं आई, चांगुणाबाई, "कुणाचा फोन हाय?" म्हणून विचारत होती.

"त्याच्या घरी ठाऊक हाय?"

"न्हाई, बाबा."

"भ्यालीस?"

"लई."

माझ्या कानाशी फोन घामानं निसटायला लागला होता.

"आयतवारी मी येतो तिथं," बाबा म्हणाले. "दुसऱ्याच्या घरचं पाणी कसं भरतोय ते बघतो. मग बोलू." आणि ठेवला.

मी हरिओमकडं वळले. तो पांढरा पडला होता. बाबांचा आवाज मोठा आहे, त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं खिशातून मोबाईल काढला. हातातून पडला, उचलला. शर्टाला पुसला.

"आता लावतोस?" मी म्हणाले. "उद्या लाव. बल्लारीला पोचल्यावर—"

"न्हाई. आता."

नंबर लावून त्यानं फोन कानाला धरला. दुसरा हात त्यानं न बघता माझ्यापुढं केला, आणि मी तो कमलबाईंच्या, मल्लप्पाच्या आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या सगळ्या गल्लीच्या देखत धरला. गार पडला होता. माझाही तसाच असावा. एवढ्या वेळा माणसं मोजली, पण त्या दोन हातांतला जास्त कुठला कापत होता ते मला सांगता येणार नाही.

पलीकडं कुणीतरी फोन उचलला. हरिओमनं डोळे मिटले.

"अप्पा... मी बोलायलो. उभे असाल तर जरा बसून घ्या."